तुमच्याच वर्गातलं गणित तुमच्या पदवीला लावू द्या

प्रादेशिक बिझनेस स्कूलचे संचालक, प्लेसमेंट विभागाचे प्रमुख आणि वित्त शिकवणारी प्राध्यापक मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका बँकेच्या कर्ज विभागात काम करते. नव्या विश्लेषकांच्या मुलाखती घेणाऱ्यांत माझाही समावेश असतो. त्यामुळे तुमच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं-मुली माझ्यासमोर बसतात. तुमच्याकडे प्रवेश घ्यावा की नाही, या विचारात पडलेलीही ओळखीपाळखीतून येऊन भेटतात. या दुसऱ्या मंडळींचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "नावाजलेल्या संस्थेत नंबर लागणार नाही. आपल्या भागातल्या कॉलेजातून फायनान्समध्ये एमबीए केलं, तर पुढे काही होईल का?"

प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येण्याजोगं आहे. पैसे आज घालायचे, परतावा पुढची तीस वर्षं थोडाथोडा यायचा, तर तो सौदा करावा की नाही हे ठरवायची रीत तुम्हीच तुमच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवता. विद्यार्थ्याकडून कारखान्याच्या नव्या यंत्राचं मूल्यमापन करून घेता, टोलरस्त्याचं करून घेता. फक्त तुमच्या स्वतःच्या पदवीचं मूल्यमापन करायला लागणारे आकडे मात्र तुम्ही त्याच्या हाती देत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती नीट मांडण्यासाठीच हे पत्र जरा लांबणार आहे.

गणित मांडूनच दाखवते. रुपये, डॉलर बाजूला ठेवू. मुलीचा आजचा वार्षिक पगार १०० धरू. पूर्णवेळ दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला तर दोन वर्षांचे पगार बुडाले, म्हणजे साधारण २००. फी आणि इतर खर्च १५० धरू. एकूण ३५०. बाहेर पडल्यावर तिला १५० पगार मिळाला. तुमच्या माहितीपत्रकात इथे "पगारात ५० टक्के वाढ" असं छापलं जातं. पण ती नोकरीतच राहिली असती तर? वर्षाला ८ टक्के वाढ मिळत गेली असती, तर दोन वर्षांनी तिचा पगार ११७ च्या आसपास असता. म्हणजे पदवीची खरी कमाई वर्षाला ५० नव्हे, ३३.

आता दहा टक्के डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) धरून तीस वर्षं दरसाल ३३ मिळत राहिले, तर पदवी हाती पडते त्या दिवशी त्यांची किंमत ३११ होते. घातलेले ३५०. म्हणजे तोटा, आणि तोही घातलेल्या पैशावर दोन वर्षांचं व्याज न लावता! शिक्षणासाठी कर्ज काढलं असेल तर ते व्याज काल्पनिक राहत नाही, दर महिन्याला खात्यातून जातं.

पण याच गणितात एक बदल करून पाहा. पगारातला तो फरक ३३ वरच न थांबता दरसाल ५ टक्क्यांनी रुंदावत गेला, तर त्याची किंमत ३११ वरून थेट ४९५ च्या वर जाते. तोट्यातला सौदा फायद्यात येतो. सुरुवातीचा पगार तोच, फी तीच. फरक पडला तो पहिली नोकरी पुढे कुठे घेऊन जाते यामुळे. म्हणून प्रवेश घेणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायला हवं, की पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली बॅच आज कुठे आहे. तुमच्या संकेतस्थळांवर मी हे शोधत असते. तिथे यंदाच्या बॅचचे फोटो असतात, कंपन्यांची बोधचिन्हं असतात, सगळ्यात मोठं पॅकेज मिळवणाऱ्या मुलाचा हसरा चेहरा असतो. पाच वर्षांपूर्वीची बॅच कुठेच नसते.

अर्थात हे ढोबळ गणित आहे. आयुष्यात पगाराखेरीजही गोष्टी असतात. चांगला शिक्षक भेटतो, मित्र मिळतात, डोकं चालायला लागतं. मला त्याचं मोल कमी करायचं नाही. पण तुमचं माहितीपत्रक काही मैत्रीच्या मुद्द्यावर जागा विकत नाही. ते पॅकेजच्या आकड्यावर विकतं, तेव्हा मीही आकड्यांवरच बोलणार.

वरच्या गणितातला तो १५० पगाराचा आकडा कुठून आला, हेही पाहण्यासारखं आहे. समजा वर्गात दहा जण आहेत. नऊ जणांना १०० पगार मिळाला. दहाव्याचा घरचा व्यवसाय मोठा, तिथे तो ६०० वर रुजू झाला. सरासरी आली १५०. मध्यांक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १००. नऊ जणांच्या पदरात जुनाच पगार पडला आणि तुमच्या जाहिरातीत सगळ्यांचा पगार दीडपट झाला. सरासरी आणि मध्यांक यांतला फरक तुमच्या संख्याशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला शिकवला जातो. तरी माहितीपत्रकावर मध्यांक दिसणं दुर्मीळ.

"१०० टक्के प्लेसमेंट" हा त्याहून गहन प्रकार आहे. शंभर टक्के कुणाचे? अनेकदा ते "पात्र" विद्यार्थ्यांचे असतात, आणि पात्र कोण हे संस्थाच ठरवते. हजेरी कमी म्हणून काही वगळले, एखाद्या विषयात राहिले म्हणून काही वगळले, "स्वतः नोकरी शोधतो" असा अर्ज भरून घेऊन आणखी काही वगळले. उरले त्यांतल्या एकेकाला दोन-दोन ठिकाणचे देकार (ऑफर) आले तर दोन्ही मोजले. देकार आला पण रुजू करून घ्यायला कंपनीने सहा महिने लावले, किंवा घेतलंच नाही, तरी नोंद "प्लेस्ड" अशीच. भागाकारात खालचा आकडा लहान केला की उत्तर मोठं येतं, त्याला एमबीए लागत नाही.

आणि पगाराच्या आकड्यात काय काय धरलं आहे? हातात येणारी रक्कम वेगळी, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वेगळा, कंपनी भविष्य निर्वाह निधीत आणि विम्यात भरते ते वेगळं, एक वर्ष टिकलात तर मिळणारा बोनस वेगळा. सगळं एका ओळीत बेरीज करून "पॅकेज" म्हणून छापलं की मुलीला वाटतं, इतके पैसे दरमहा येणार. पहिल्या महिन्याची पगाराची पावती पाहिल्यावर तिला जो धक्का बसतो तो तुम्ही पाहत नाही. आम्ही पाहतो.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र "फायनान्स" या शिक्क्याखाली होतो. बँकेत लागला म्हणजे फायनान्समध्ये लागला, असा तुमचा हिशेब. शाखेत बसून विमा पॉलिसी आणि क्रेडिट कार्ड विकण्याचं काम, थकीत हप्त्यांच्या वसुलीचं काम, केवायसीची कागदपत्रं तपासण्याचं काम, दोन प्रणालींमधल्या नोंदी जुळवण्याचं काम, हे सगळं तुमच्या अहवालात "बँकिंग व वित्तीय सेवा: ६० टक्के" अशा एका पट्टीत बसतं. यातलं कुठलंही काम हलकं नाही. उत्तम विक्री करणारा माणूस कुठल्याही बँकेला हवा असतो आणि त्याची बढतीही लवकर होते. पण ज्या मुलीने कंपन्यांचं मूल्यांकन शिकायचं म्हणून कर्ज काढून दोन वर्षं घातली, तिला "रिलेशनशिप मॅनेजर" असं भारदस्त पदनाम आणि तिमाही विक्रीचं टार्गेट मिळालं, तर तिच्या मार्गाची शिडी बदलली. तीन वर्षांनी ती पतविश्लेषणाच्या जागेसाठी अर्ज करते तेव्हा आम्ही विचारतो, ताळेबंद शेवटचा कधी वाचलात? तिला उत्तर देता येत नाही. दोष तिचा नसतो. तीन वर्षं कुणी तिला ताळेबंद वाचायलाच दिलेला नसतो.

तुमच्या क्षेत्राला हे नवं नाही. गुंतवणूक व्यवस्थापनातही हाच रोग होता. दहा खाती सांभाळायची आणि ज्या एकात घसघशीत परतावा मिळाला तेवढंच नव्या ग्राहकाला दाखवायचं. यावर उपाय म्हणून ग्लोबल इन्व्हेस्टमेंट परफॉर्मन्स स्टँडर्ड्स आले, पहिल्यांदा १९९९ साली. ते पाळतो असं सांगणाऱ्या कंपनीला स्वतःच्या निर्णयाने चालवलेली, फी देणारी सगळी खाती कुठल्या ना कुठल्या गटात दाखवावीच लागतात. बंद पडलेल्या खात्याचा जुना इतिहास पुसता येत नाही. कंपनी तेवढी जुनी असेल तर सुरुवातीलाच किमान पाच वर्षांची कामगिरी द्यावी लागते आणि ती पुढे दहा वर्षांपर्यंत वाढवत न्यावी लागते. हे मानक सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहे आणि तुमच्यातले कित्येक प्राध्यापक ते शिकवतात. गुंतवणूक कंपनीने उत्तम खातं निवडून दाखवलं तर ती लबाडी, आणि संस्थेने उत्तम विद्यार्थी निवडून दाखवला तर ते माहितीपत्रक, हा भेद मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

बिझनेस स्कूलसाठीही असे नियम आहेत, ते नव्याने शोधायचे नाहीत. एमबीए करिअर सर्व्हिसेस अँड एम्प्लॉयर अलायन्स या संघटनेच्या मानकांत पदवी घेणाऱ्या प्रत्येकाची वाटणी करावी लागते: नोकरी शोधणारे, न शोधणारे आणि ज्यांची माहितीच नाही असे. न शोधणाऱ्यांतही पुढे शिकणारे किती, स्वतःचा उद्योग सुरू करणारे किती, कंपनीनेच पाठवलेले आणि तिथेच परतणारे किती, हे वेगळं दाखवायचं. आकडे पदवीच्या दिवशीचे आणि त्यानंतर तीन महिन्यांचे. भारतात आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने इंडियन प्लेसमेंट रिपोर्टिंग स्टँडर्ड्स तयार झाले, त्यांत हमखास मिळणारी रोख रक्कम आणि जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम यांचे रकाने निरनिराळे आहेत. मोठ्या संस्था हे करतात कारण त्यांना ते परवडतं, असं तुम्ही म्हणाल. मला उलटं वाटतं. त्यांचं नावच पुरेसं असतं. आकड्यांची गरज तुम्हाला जास्त आहे.

का, ते सांगते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तो आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता, आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं त्यात त्या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यातला मुद्दा असा की चांगली गाडी कुठली आणि भंगार कुठली हे गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तो सरासरी किंमतच देणार. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि उरतो तो भंगाराचा बाजार. प्रादेशिक बिझनेस स्कूलचं नेमकं हेच चाललं आहे. तुमच्यातल्या काही संस्था खरोखर चांगल्या आहेत. एक-दोन ठिकाणची मुलं इतकी तयार असतात, की त्यांचा अर्ज आला की आम्ही आधी तो बाजूला काढतो. पण बाहेरून पाहणाऱ्या मुलीला तुमचं आणि शेजारच्या सुमार कॉलेजचं माहितीपत्रक एकसारखंच दिसतं. तीच बोधचिन्हं, तेच शंभर टक्के. मग ती दोघांनाही सारखंच जोखते, आणि हुशार मुलं परवडत नसतानाही लांबच्या शहरात जातात. खरे आकडे पहिल्यांदा छापणाऱ्या चांगल्या संस्थेला यातून बाहेर पडता येईल. आणि तिने छापले की न छापणाऱ्यांबद्दल लोक काय समजायचं ते समजतील.

नोबेलच्या त्याच वर्षीच्या वाटेकऱ्यांत मायकेल स्पेन्स होते. पदवी ही शिकल्याची पावती जेवढी असते, त्याहून अधिक ती मालकाला दिलेला संकेत असते, असा त्यांच्या १९७३ च्या निबंधाचा रोख. भरती करणारी म्हणून मी याला दुजोरा देईन, थोडी अस्वस्थ होऊन. ढिगाने आलेले अर्ज चाळताना संस्थेचं नाव आधी वाचलं जातं. आंतरराष्ट्रीय इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये तर ठरावीक संस्थांचीच यादी असते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हाच तिथला खरा दरवाजा, आणि त्या इंटर्नशिपच्या गाठीभेटी पहिल्याच सत्रात सुरू होतात. ज्या संस्थेच्या आवारात त्या बँका येतच नाहीत, तिथल्या मुलाला तो दरवाजा दुरूनच दिसतो. अपवाद असतात. अपवादाचाच फोटो तुम्ही मुखपृष्ठावर टाकता, म्हणून सांगावं लागतं की तो अपवाद आहे.

तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच मुलांना खरं सांगा. विलीनीकरणाचे सौदे, हेज फंड, प्रायव्हेट इक्विटी यांसाठी ही पदवी सहसा पुरणार नाही. कंपन्यांचे वित्त विभाग, अंदाजपत्रक आणि खर्च नियंत्रण, ट्रेझरी, बँकेचं पतमूल्यांकन, पतमानांकन संस्था, विमा कंपन्यांची जोखीम खाती, लेखापरीक्षण संस्थांचे मूल्यांकन विभाग, फंड अकाउंटिंग ही दारं उघडी आहेत, आणि त्यातून तीस वर्षांची चांगली कारकीर्द घडते. पण या कामांची नावं तुमच्या वर्गात घेतली जातात का? मुलाखतीत मी विचारते, कंपनीच्या ट्रेझरीत दिवसभर काय चालतं? रोख रकमेचा अंदाज, परकीय चलनाची जोखीम, बँकांशी दराची घासाघीस, कर्जाच्या अटी मोडल्या जात नाहीत ना यावर लक्ष, असं काही तरी उत्तर अपेक्षित असतं. बहुतेक मुलं शेअर बाजारावर बोलू लागतात.

जिथे तुमचा हात कुणी धरू शकत नाही, त्या गोष्टीकडे तर तुमचं लक्षच नाही. मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन या अर्थतज्ज्ञांनी १९९४ साली छोट्या उद्योगांच्या कर्जांचा अभ्यास मांडला. बँकेशी जवळचं नातं असलेल्या उद्योगाला त्यामुळे कर्ज स्वस्त मिळतं की नाही, यापेक्षा कर्ज मिळणं सुकर होतं, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष. मालक शब्दाला जागतो का, माल गोदामात खरोखर हलतो का, मोठा ग्राहक पैसे किती दिवस लटकवतो, कारभार पुढच्या पिढीकडे जाताना घरात काय शिजतंय, ही माहिती फाइलमधून प्रवास करत नाही. ती त्या भागात वावरणाऱ्यालाच असते. आमच्या विभागात याचं रोज मोल होतं.

आणि तुम्ही बसलेले असता अशाच उद्योगांच्या मधोमध. दोन मैलांवरच्या कारखान्याचं खेळतं भांडवल कसं फिरतं, हंगामाआधी त्याला किती कर्ज लागतं आणि येणी वसूल व्हायला उशीर झाला की काय होतं, यावर एकेक विद्यार्थी तुम्ही वर्षभर बसवू शकता. नावाजलेल्या संस्थेला हे जमणार नाही, तिच्याभोवती तो कारखानाच नाही. त्याऐवजी तुमच्या वर्गात परदेशातल्या जगप्रसिद्ध कंपनीची वीस वर्षांपूर्वीची केस चालते. तीही बऱ्याचदा सारांश वाचून. मोठ्या संस्थांची नक्कल केली की आपणही मोठे होऊ, या समजुतीने तुम्ही हातातलं भांडवल वापरायचं सोडून देता.

मुलाखतीतला माझा एक आवडता प्रश्न आहे, तो इथे फोडून टाकते. घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी दरसाल खर्ची टाकायची रक्कम) १० ने वाढला, कर ३० टक्के, तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांवर काय परिणाम होईल? करपूर्व नफा १० ने घटतो, कर ३ ने वाचतो, निव्वळ नफा ७ ने कमी होतो. घसाऱ्यात रोख पैसे बाहेर जात नाहीत, म्हणून रोख प्रवाहाच्या पत्रकात तो पुन्हा नफ्यात मिळवायचा, त्यामुळे रोख उलट ३ ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता १० ने कमी, रोख ३ ने जास्त, म्हणजे एकूण ७ ने कमी. दुसऱ्या बाजूला भागधारकांचा निधीही ७ ने कमी. जुळलं. वित्तात काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न किरकोळ वाटेल, नव्या उमेदवारांच्या मुलाखतीत तो जुनाच आहे. दोन वर्षं फायनान्स शिकून आलेली मुलं नफ्यापर्यंत बरोबर येतात आणि रोख वाढते म्हटल्यावर अडखळतात. पण त्यांच्या अर्जावर डेरिव्हेटिव्हजचे दोन पेपर, ब्लॉकचेनची कार्यशाळा आणि एका मोठ्या नावाचं नेतृत्व प्रमाणपत्र असतं. ही कार्यशाळा कुणाला हवी होती, हे एकदा शोधा. आम्हाला तर नको होती.

सीएफएबद्दल दोन शब्द, कारण तुमच्याकडे येणारी मुलं हाही पर्याय तोलतात. तीन पातळ्या, प्रत्येकीसाठी साधारण ३०० तास अभ्यास, आणि सनद मिळायला किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव. पहिल्याच पातळीवर निम्म्याहून अधिक उमेदवार गळतात. परीक्षा जगभर एकच, त्यामुळे कुठल्या गावच्या कॉलेजातून आलात हे ती विचारत नाही, आणि नोकरी न सोडता देता येते. तुमच्या पदवीला ही स्पर्धा आहे, मानलं तर आधारही आहे. ज्या मुलीने तुमच्याकडे शिकता शिकता पहिली पातळी पार केली, तिच्या अर्जावर संस्थेच्या नावाची उणीव आम्हाला फारशी जाणवत नाही. अभ्यासक्रमाची घडी त्यानुसार बसवायला प्राध्यापकांच्या इच्छेखेरीज फार काही लागत नाही. मात्र सीएफएने नोकरी मिळवून दिली असं कुणी समजू नये. अनुभव नसलेल्या माणसाला ती परीक्षा मुलाखतीपर्यंत आणते.

अधिस्वीकृतीचं, म्हणजे बाहेरच्या संस्थांनी दर्जा तपासून दिलेल्या मान्यतेचं, थोडक्यात. एएसीएसबी, इक्विस, ॲम्बा यांचे शिक्के मिळवायला संस्था वर्षानुवर्षं झटतात, आणि त्यातून अध्यापनाची शिस्त येते हे खरं. पण मुलांना नोकरी कुठली लागेल, याचं उत्तर त्या शिक्क्यात नसतं. फीवाढीचं समर्थन म्हणून तो वापरू नका.

आता माझी मागणी. गेल्या पाच बॅचमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा हिशेब द्या, नावं न देता. प्रवेश किती जणांनी घेतला, पदवी किती जणांना मिळाली, नोकरी शोधत किती होते, तीन महिन्यांत रुजू किती झाले. पगार मध्यांकासह द्या, हमखास रोख रक्कम वेगळी दाखवा. कामाची वर्गवारी कंपनीच्या नावाने नको, प्रत्यक्ष कामाने हवी: विक्री, वसुली, कामकाज, विश्लेषण, लेखा, ट्रेझरी. प्रवेशाआधी ज्यांना अनुभव होता त्यांचे आणि नवख्यांचे आकडे वेगळे ठेवा, कारण पाच वर्षं काम करून आलेल्याचा पगार तुमच्यामुळे किती वाढला हे दोघांना एकत्र मोजून कळत नाही. आणि पाच वर्षांपूर्वीच्या बॅचला फोन करून विचारा, आज काय करता. सगळे उत्तर देणार नाहीत. जेवढ्यांनी दिलं नाही तो आकडाही छापा.

सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी चालणारे अभ्यासक्रम असतील तर त्यांचे आकडे निराळे द्या, कारण तिथलं गणितच उलटं आहे. पगार बुडत नाही. खर्च १०० धरला तर पगारात वर्षाला ११ चा फरक पडला तरी वरच्याच दराने तो भरून निघतो. नोकरीत असलेल्या, त्याच भागात राहायचं ठरवलेल्या, लेखा विभागातून वित्त विभागात जाऊ पाहणाऱ्या माणसाला मी तुमचा हा अभ्यासक्रम बिनधास्त सुचवते. पूर्णवेळचा सुचवताना आकडे मागते, आणि ते मिळत नाहीत म्हणून बहुतेकांना थांब म्हणते. यात तुमच्यातल्या चांगल्या संस्थांवर अन्याय होतो, याची मला कल्पना आहे.

प्रवेशाचं माहितीपत्रक छपाईला जाण्याआधी हा तक्ता तयार होऊ शकतो. मूळ माहिती प्लेसमेंट विभागाच्या एक्सेल फाइलमध्ये असतेच, माजी विद्यार्थ्यांना फोन करायला वित्त विभागाची दुसऱ्या वर्षाची मुलं लावता येतील. त्यांचा प्रकल्पही होईल. त्याच तक्त्यावरून त्यांना स्वतःच्या पदवीची एनपीव्ही (परताव्याच्या आजच्या किमतीतून खर्च वजा जाता उरणारी रक्कम) काढायला सांगा आणि ती वर्गात मांडू द्या. उत्तर उणे आलं, तर फी किती असायला हवी होती हा पुढचा प्रश्न परीक्षेत घाला.

आपली विश्वासू,
कर्ज विभागात मुलाखती घेणारी एक अधिकारी